बंदुकीचा परवाना मागाच, पण आधी त्यांचा रद्द करायला लावा

यंदाच्या भीमजयंतीच्या मिरवणुकीवरून आमच्या तालुक्यातल्या एका गावात दगडफेक झाली. बौद्धवाड्यातल्या चार घरांचे पत्रे फुटले, एक मोटारसायकल जाळली गेली आणि नेहमीप्रमाणे पहिला गुन्हा आपल्याच पोरांवर दाखल झाला. चौथ्या दिवशी विहारात बैठक घेतली. पंचनामा, जबाब, वकील, सगळे बोलून झाले. लोक उठायला लागले तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका पोराने मोबाईल पुढे केला. पडद्यावर तीन रिव्हॉल्व्हरचे फोटो होते. "दादा, तुम्ही शिकलेले आहात. ह्यातलं कोणतं घ्यायचं, तेवढं सांगा."

आम्ही त्याच्यावर रागावलो नाही. दगडफेकीच्या रात्री त्याची आई दोन लहान नातवंडांना घेऊन न्हाणीत बसून राहिली होती. फोन केला तेव्हा 'गाडी निघाली आहे' असे सांगण्यात आले आणि गाडी उजाडल्यावर आली. अशा घरातल्या पोराला अहिंसेवर व्याख्यान देणे हा निर्लज्जपणा आहे.

पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर मोबाईलच्या पडद्यावर सापडणार नाही. ते एका सरकारी कागदात आहे. तो कागद आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांनी उघडून पाहिलेला नाही आणि व्यासपीठावरून 'दलितांना बंदुका द्या' म्हणून गर्जना करणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी तर अजिबात नाही. म्हणून हा लेख.

आधी एक जळमट काढून टाकू. शहरातले काही पुरोगामी मित्र ह्या विषयाचे नाव काढले तरी दचकतात. "तुम्ही बुद्धाचे लोक, तुम्हाला बंदूक कशाला?" असे विचारतात. दसऱ्याला गावोगावी शस्त्रपूजन होते, वाड्यावरच्या बंदुका पाटावर मांडून हळदकुंकू वाहिले जाते, त्याचे फोटो समाजमाध्यमांवर फिरतात. तेव्हा ह्या मित्रांना बुद्ध आठवत नाही. अहिंसेचा सगळा भार नेहमी मार खाणाऱ्यानेच का वाहायचा?

बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये हा प्रश्न थेट घेतला आहे. ह्या देशात सामाजिक क्रांती का झाली नाही, ह्याचे कारण सांगताना ते चातुर्वर्ण्याने बहुजनांचे काय काय काढून घेतले ते मोजतात. शस्त्र काढून घेतले, राजकीय सत्ता काढून घेतली, शिक्षण काढून घेतले. युरोपातल्या दुबळ्याकडे सैन्यातली नोकरी, मत आणि शाळा ही तीन हत्यारे होती, आपल्याकडे तिन्हींवर बंदी होती. नि:शस्त्र असणे हा आपला स्वभाव कधीच नव्हता, ती आपल्यावर लादलेली व्यवस्था होती. १८१८ ला कोरेगावात लढलेल्या महारांना त्याच शतकाच्या शेवटच्या दशकात 'लढाऊ जात' नाही म्हणून इंग्रजांनी भरतीतून बाहेर काढले. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले. त्यामागे बाबासाहेबांचा रेटा होता, हे वेगळे सांगायला नको.

आणि धम्माचे म्हणाल तर 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचा. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज ह्यांत बाबासाहेबांनी फरक केला आहे. अहिंसेला ते तत्त्व मानतात, आंधळा नियम मानत नाहीत. तेव्हा घरावर चालून आलेल्या जमावाला अडवणारा माणूस पंचशील मोडतो, असे आम्हाला कुणी शिकवू नये.

एवढे मान्य केल्यावरच पुढचे बोलता येते.

त्या बैठकीला एक निवृत्त सुभेदार काका होते. महार रेजिमेंटमधून आलेले. आमच्या माहितीत ह्या भागातल्या आपल्या माणसांत परवान्याची बंदूक असलेले ते एकटेच. बारा बोअरची दुनळी. आणि ती बंदूक काय करते? एका बँकेच्या दारात उभी राहून दुसऱ्यांच्या पैशाची राखण करते. सैन्यातून आलेल्या आपल्या कितीतरी माणसांचा उत्तरार्ध असाच जातो. काकांनी पोराचा मोबाईल हातात घेतला, चष्मा वर करून फोटो पाहिले आणि म्हणाले, "लेकरा, हे घेशील, पण ठेवशील कुठं?"

बंदूक विकत घेण्याबद्दल सगळे बोलतात, ठेवण्याबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून काकांनी त्या दिवशी जे समजावले ते इथे जरा विस्ताराने मांडतो.

पहिली गोष्ट, निवड आपल्या हातात फारशी नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ प्रमाणे संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत नळी असलेली बंदूक, म्हणजे काकांच्या दुनळीसारखी, नागरिक मागू शकतो आणि अपात्रतेचे कारण नसेल तर तिचा परवाना द्यावा असे कायदा म्हणतो. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाला मात्र 'सबळ कारण' पटवून द्यावे लागते. ते पटवायचे कुणाला, तर ज्या यंत्रणेला आपल्या फुटलेल्या पत्र्यांतही 'किरकोळ बाचाबाची' दिसते तिला. ९ मिलिमीटर, .३८, .४५५ ही बोअर तर सामान्य नागरिकाला मनाईच आहेत. पोराच्या तीन फोटोंपैकी दोन तिथेच बाद झाले.

दुसरी गोष्ट, पैसा. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचे .३२ बोअरचे हलके रिव्हॉल्व्हर काढले. महिलांच्या सुरक्षेसाठी म्हणून गाजावाजा झाला. किंमत एक लाख बावीस हजारांच्या वर. ज्या बाईला खरोखर भीती आहे, जी पहाटे अंधारात उसाच्या फडात जाते, तिच्या घरच्या कोयत्याची हंगामाची उचल ह्यात विरघळून जाईल. शस्त्र अधिनियमाचेच कलम १४ सांगते की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. कायदा गरिबाला परवाना नाकारत नाही, बंदूक मात्र नाकारते.

तिसरी आणि सगळ्यात अवघड गोष्ट, घर. आपली घरे कशी आहेत ते आपल्याला माहीत आहे. एक खोली, पत्र्याच्या भिंती, पलीकडच्या घरातला खोकला इकडे ऐकू येतो. काका म्हणाले, "पत्र्यापलीकडं कोण झोपलंय ते छऱ्याला कळत नाही." अंधारात, घाबरलेल्या हाताने झाडलेला बार जमावाला लागेल की शेजारच्या पाळण्याला, ह्याची हमी कुणी द्यावी? बंदूक कुलपात आणि काडतुसे वेगळी ठेवायची, हा तिच्या सुरक्षेचा पहिला धडा. काका तसेच ठेवतात. लोखंडी पेटी, दोन किल्ल्या, कामावरून आल्यावर नळी पुसणे, तेलाचा हात फिरवणे, हे त्यांचे रोजचे आहे. पण पंचवीस माणसे दार ठोठावत असताना पेटी उघडायला, काडतूस शोधायला आणि भरायला वेळ कोण देणार? आणि भरूनच ठेवायची म्हटली तर त्याच खोलीत चार वर्षांचे पोर आहे, दारू पिऊन येणारा भाऊ आहे, कर्जाने खचलेला बाप आहे. मराठवाड्यात राहून ह्या शेवटच्या माणसाबद्दल आम्ही गप्प बसू शकत नाही. अमेरिकेत घरोघरी बंदुका आहेत आणि तिथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात.

आणखी एक. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नसतो. दिवाळीनंतर वस्तीतले कर्ते पुरुष ऊसतोडीला किंवा पुण्याच्या बांधकामावर जातात. मागे राहतात म्हातारी माणसे, बाया, पोरे. हल्ले कधी होतात? बंदूक नवऱ्याच्या नावावर, नवरा कारखान्यावर, आणि बायकोने ती उचलली तर तिच्यावरच शस्त्र अधिनियमाचा गुन्हा. शिवाय आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवील त्या परवानाधारकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. गावातला जातीय ताण कधी वाढतो? ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतच. बँकेच्या राखणदाराला तेव्हा सूट मिळते, घर राखणाऱ्याला मिळेलच असे नाही.

बार झाल्यानंतर काय, हेही ऐका. खासगी बचावाचा हक्क कायद्यात आहे. पूर्वी भारतीय दंड विधानाची कलमे ९६ ते १०६ होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ आहेत. जिवावर बेतलेला हल्ला, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, अशा प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. उत्तम. पण बचाव करत होतो हे दाखवून देण्याचे ओझे आरोपीवर असते, आणि गरजेपेक्षा जास्त इजा केली नाही हेही त्यालाच पटवावे लागते. गावातले साक्षीदार कुणाचे? पंच कुणाचे? ज्यांच्या पोरांवर दगड खाऊनही दरोड्याची खोटी केस होते, त्यांच्या बाराला 'बचाव' म्हणून पहिल्या दिवशी कोण नोंदवून घेईल? निकाल कदाचित आपल्या बाजूने लागेल, तोवर पोरगा कच्चा कैदी म्हणून पाच वर्षे आत असेल.

काही वाचणारी पोरे इथे काळ्या अमेरिकनांचे उदाहरण देतात, आणि ते देणे योग्यच आहे. १९७२ ची आपली पँथर नाव तिथूनच घेऊन आली. नॉर्थ कॅरोलायनातल्या मन्रो गावी १९५७ साली क्लू क्लक्स क्लॅनच्या टोळीला रॉबर्ट विल्यम्स आणि त्यांच्या साथीदारांनी बंदुकांनीच परतवले, हे खरे आहे. पण तिथे एकटा माणूस एक बंदूक घेऊन उभा नव्हता. सैन्यातून परतलेल्यांची शिस्तबद्ध संघटना होती, पहाऱ्याच्या पाळ्या होत्या, बंदुका बाळगण्याची मुभा होती. तरीही १९६७ साली ब्लॅक पँथर उघडपणे बंदुका घेऊन फिरू लागल्याबरोबर कॅलिफोर्नियाने कायदा करून ती मुभा काढून घेतली. २०१६ साली मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल ह्या काळ्या तरुणाने आपल्याकडे बंदूक असल्याचे स्वतःहून पोलिसाला सांगितले, तिचा परवानाही त्याच्याकडे होता, आणि पोलिसाने त्याला गाडीतच गोळ्या घातल्या. परवान्याचा कागद सगळ्यांच्या हातात सारखा वाचला जात नाही.

गावठी कट्ट्याबद्दल दोनच वाक्ये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा हत्याराची शिक्षा आणखी वाढली आहे, आणि आपल्या पोराच्या कमरेला कट्टा सापडावा ह्याची ठाण्यात वाट पाहणारे लोक आहेत. कट्टा आणून देतो म्हणणारा मित्र तुमचा मित्र नाही.

आता त्या कागदाकडे या. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. नियम ३ वाचा. अत्याचार होऊ नये म्हणून सरकारने आधीच काय करायचे, ह्याची अकरा पोटकलमे त्यात आहेत. पाचवे पोटकलम सांगते की गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जीविताच्या व मालमत्तेच्या संरक्षणासाठी शस्त्र परवाने द्यावेत. व्यासपीठावरची गर्जना इथून येते. ज्यांनी नियम वाचला नाही त्यांनीही हे कुठून तरी ऐकलेले असते.

पण पाचाच्या आधी तीन येतो. तिसरे पोटकलम म्हणते की अशा अत्याचारप्रवण भागात गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकांचे शस्त्र परवाने रद्द करावेत आणि हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यावीत. फक्त त्यांचेच नव्हे. त्यांचे जवळचे नातेवाईक, नोकरचाकर, कुटुंबाचे स्नेही, ह्यांचेही. नियम लिहिणाऱ्याला गाव कळत होते. पाटलाची बंदूक पाटलाच्या भाच्याकडे किंवा सालगड्याकडे कशी सरकते, ते त्याने ओळखले होते. चौथे पोटकलम बेकायदा हत्यारे जप्त करायला सांगते. दहावे विशेष पोलीस तैनात करायला सांगते. आणि ह्या सगळ्याच्या आधी पहिले, धोक्याचा भाग कोणता ते सरकारने शोधून ठरवायला हवे.

तिसरे पोटकलम व्यासपीठावर कधी ऐकले? आम्ही नाही ऐकले. 'आम्हाला बंदुका द्या' ह्याला टाळ्या पडतात. 'पाटलाचा परवाना रद्द करा' म्हटले की पाटलाच्या पक्षाशी असलेली युती अडचणीत येते. एवढे साधे आहे ते. आपल्याला बंदूक देण्याची मागणी सगळ्यांनाच सोयीची आहे. सरकारला काही करावे लागत नाही, पुढाऱ्याला कुणाला दुखवावे लागत नाही, आणि वस्ती राखण्याचे काम सरकारच्या खांद्यावरून उतरून न्हाणीत बसलेल्या त्या आईच्या खांद्यावर येते.

खैरलांजी आठवा. ३ सप्टेंबर २००६ ला सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली, त्यात भोतमांगे कुटुंबाने साक्ष दिली. २९ सप्टेंबरला आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमाव घरावर आला. कुऱ्हाडी, काठ्या, सायकलच्या चेन. बंदूक त्यांनाही लागली नाही. चौघे मारले गेले. त्या झोपडीत एक दुनळी असती तर काय झाले असते, ह्याची कल्पना करून आम्हीही रात्री जागवल्या आहेत. पण मधल्या सव्वीस दिवसांचे काय? कुणाला कुणापासून धोका आहे हे नावानिशी कागदावर होते. गाव अत्याचारप्रवण ठरवायला, आरोपी सुटणार त्या दिवशी पोलीस ठेवायला, साक्षीदार कुटुंबाला संरक्षण द्यायला सव्वीस दिवस होते. ते सव्वीस दिवस ज्यांनी वाया घालवले त्यांना नियम ३ विचारायचा होता. आणि नंतर न्यायालयात अ‍ॅट्रॉसिटीचे कलमही टिकले नाही.

मग पोराला आम्ही काय सांगितले? परवान्याचा अर्ज करू. होय, करू. पण बंदूक मिळावी एवढ्यासाठी नाही. अर्ज आला की अधिकाऱ्याला लेखी काहीतरी म्हणावे लागते. नाकारले तर कलम १४ प्रमाणे कारणे नोंदवावी लागतात, ती मागता येतात, त्यावर अपील करता येते. 'धोका आहे' असे लिहिले तर मग एकटे पाचवे पोटकलम का, बाकीची दहा कुठे आहेत, हे विचारता येते. 'धोका नाही' असे लिहिले आणि उद्या काही झाले, तर त्या सहीच्या माणसाला कर्तव्यात कसूर केल्याबद्दल कायद्याच्या कलम ४ खाली ओढायला तोच कागद उपयोगी पडतो. आजवर धोका आपण तोंडी सांगत आलो. तोंडी सांगितलेले ठाण्याच्या भिंती पितात.

अर्जासोबत दुसरा अर्ज तिसऱ्या पोटकलमाचा. गावात परवान्याची हत्यारे कुणाकडे आहेत, त्यांपैकी कुणावर आपल्या लोकांना मारहाण-धमकीचे गुन्हे आहेत, ते गुन्हा क्रमांकासह जोडायचे आणि परवाने रद्द करा म्हणायचे. तिसरा कागद माहितीच्या अधिकाराचा. १९९५ पासून जिल्ह्यात कोणती गावे अत्याचारप्रवण ठरवली, तिसऱ्या पोटकलमाखाली किती परवाने रद्द केले, पाचव्याखाली किती दिले, आणि नियम १७ प्रमाणे दर तीन महिन्यांनी व्हायला हवी असलेली जिल्हा दक्षता समितीची बैठक मागच्या तीन वर्षांत किती वेळा झाली, इतिवृत्तासह.

एक खाचखळगा आधीच सांगून ठेवतो. जयंतीच्या आधी 'खबरदारी' म्हणून पोलीस आपल्या पोरांवर चॅप्टर केस करतात आणि पोरे बाँड लिहून देऊन मोकळी होतात. शांतता राखण्याच्या बाँडचा आदेश झालेल्या माणसाला त्या मुदतीत हत्यार बाळगायला कलम ९ खाली मनाई आहे. मार खाणाऱ्याचा बाँड आणि मारणाऱ्याचा परवाना, दोन्ही एकाच कचेरीतून निघतात. म्हणून यापुढे चॅप्टर केसची नोटीस आली की न वाचता सही करू नका. वकिलाला दाखवा, लेखी उत्तर द्या.

आमच्या गावात म्हणूनच अर्जदार पुरुष सापडेनात. ज्याला विचारावे त्याच्यावर काहीतरी होतेच. शेवटी तीन बाया पुढे आल्या. त्यात एक आशा सेविका, एक अंगणवाडी मदतनीस आणि तिसरी ती, न्हाणीत बसलेली. कचेरीत कारकुनाने अर्ज पाहिला, त्यांच्याकडे पाहिले आणि हसून विचारले, "बंदूक चालवता येते का, मावशी?" ती म्हणाली, "पोच द्या आधी."

पोच मिळाली आहे. तिसऱ्या पोटकलमाच्या अर्जाचीही मिळाली, जरा वाद घालून. पोरगा अजून नाराज आहे, त्याला हे सगळे फार हळू वाटते आणि आमच्याकडे त्यावर पटेल असे उत्तर नाही. सध्या तो काकांबरोबर रात्रीच्या पाळ्यांची यादी करतो आहे. दोन-दोन जण, शिट्टी, बॅटरी, तिन्ही वाटांवर दिवे, आणि पहिला दगड पडताच कुणी कुणाला फोन करायचा आणि कुणी चित्रण करायचे, हे नावानिशी लिहून विहाराच्या भिंतीवर लावले आहे. ग्रामपंचायतीने दिवे देण्याचे कबूल केले आहे, अजून दिलेले नाहीत. अर्जांचे नमुने ज्यांना हवेत त्यांनी आपल्या तालुक्याचे आणि गावाचे नाव कळवावे, आम्ही पाठवू.

जय भीम.